पान चोळा आणि वास घ्या: हौदातल्या वेखंडाची ओळख

तुमचा प्रश्न असा आहे: भुसावळला अंगणातल्या हौदात दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेलं रोप लावलं, तलवारीसारखी पानं कमरेइतकी वाढली, पण फूल एकदाही आलं नाही. नर्सरीवाला आयरिस नावाचं फुलझाड म्हणाला होता, शेजारच्या काकू वेखंड म्हणतात, आणि सासूबाईंना त्याचं मूळ उगाळून चार महिन्यांच्या बाळाला चाटवायचं आहे.

फोटोवरून मलाही ते वेखंडच वाटतंय. पण घरात तान्हं बाळ असताना नुसत्या 'वाटतंय'वर राहू नका. या झाडाची खरी ओळख वासात आहे, आणि तो काही फोटोत येत नाही.

एक जून पान बुडाशी कापा. त्याचा वीतभर तुकडा तळहातांत जोरात चोळा आणि लगेच नाकाशी धरा. संत्र्याची साल नखानं टोचली की जो वास उडतो तसा गोडसर वास आला, आणि त्याच्यामागून मसाल्यासारखा तिखटपणा आला, तर ते वेखंड. हात धुतले तरी तो वास बोटांना बराच वेळ राहतो. आयरिसचं पान चोळलं तर ओल्या गवताचा वास येतो, बाकी काही नाही. तरीही शंका असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंडाचा एक तुकडा आणा, सहाणेवर दोन वळसे उगाळा आणि दोन्ही वास एकापाठोपाठ घ्या. मुळाचा वास जास्त उग्र असतो, पण जात एकच आहे हे नाक लगेच सांगतं.

आता तेच पान उजेडाकडे धरून बघा. मधली शीर ठळक दिसेल, पण ती बरोबर मध्यावर नसते, जराशी एका बाजूला सरकलेली असते. कडेवरून बोट फिरवलं तर एका बाजूला आडव्या बारीक सुरकुत्या लागतील, इस्त्री करताना कापडाचा काठ चुरगळावा तशा. मी फैजपूरजवळ मळ्यातल्या जुन्या हाळात, म्हणजे गुरांना पाणी पाजायच्या हौदात, सोळा वर्षं वेखंड लावतोय. संध्याकाळी उजेड कमी असला तरी या सुरकुत्यांवरून मी ते नुसत्या बोटांनी ओळखतो.

आपल्याकडे नाल्याच्या काठाला वाढणारं पाणकणीस लांबून असंच दिसतं. त्याच्या पानाला मधली शीरच नसते, आणि पान आडवं कापलं तर आत हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसते. नर्सरीवाल्याला मात्र दोष देऊ नका, हा घोळ फार जुना आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली वेखंडाला 'अकोरस कॅलॅमस' म्हटलं आणि पाण्यातल्या पिवळ्या आयरिसला 'स्यूडअकोरस', म्हणजे खोटं वेखंड.

फुलाचं म्हणाल, तर कदाचित ते येऊन गेलंही असेल. त्याला डोळ्यांत भरणाऱ्या पाकळ्या नसतात. पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्यातून हिरवट-पिवळं, बोटाएवढं कणीस तिरकं बाहेर येतं, आणि पानांच्या गर्दीत ते सहज नजरेतून सुटतं. मूळ पाण्यात असेल तरच ते येतं. माझं वेखंड आधी ओलसर वाफ्यात होतं, तिथं कधीच फुललं नाही. हाळात हलवल्यावर पुढच्या उन्हाळ्यात कणीस आलं. बी धरण्याची वाट पाहू नका. यातली बरीच झाडं तिप्पट गुणसूत्रांची, म्हणून वांझ असतात आणि जमिनीतल्या गाठींनीच पसरतात.

आता बाळाचं. झाड वेखंड निघालं, तरी ते मूळ बाळाला चाटवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या घरीही आजी बाळगुटीत वेखंड उगाळायची, त्यामागची माया मला कळते. पण माझ्या भाचीला एकदा ताजं ओलं मूळ उगाळून दिलं, चार वळसे जास्त झाले आणि पोर रात्रभर उलट्या करत राहिली. ती रात्र मी विसरलेलो नाही. वेखंडानं मुळात उलटी होतेच, म्हणून वैद्यसुद्धा शोधन, म्हणजे दोष काढण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय ते पोटात देत नाहीत. त्याच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोगाच्या गाठी झाल्या, आणि अमेरिकेनं १९६८ साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आपल्याकडच्या झाडांत हे द्रव्य भरपूर असतं. शिवाय सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही. सासूबाईंना डॉक्टरांसमोर बसवून हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, घरातल्या सुनेनं सांगितलेलं त्यांना जड जाईल.

मूळ वाया जाणार नाही. गाठी सावलीत खडखडीत वाळवा आणि फडक्यात बांधून लुगड्यांच्या ट्रंकेत किंवा पोथ्यांच्या कपाटात ठेवा, कसर लागत नाही. बाळाचा हात पोचेल अशा जागी मात्र ठेवू नका.

आणि मे महिन्याची तयारी आत्ताच करा. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की उथळ हौदातलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. पहिल्या वर्षी माझ्या रोपांची टोकं वीतभर करपली होती. आता मी पश्चिमेच्या बाजूला केळीचे दोन खुंट ठेवतो आणि मातीवर चार बोटं पाणी राहील एवढी भर रोज संध्याकाळी घालतो. डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडा. पहिल्या पावसानंतर हौदातलं रोप काढून गाठी वेगळ्या करा, प्रत्येक तुकड्याला एक कोंब राहू द्या आणि जास्तीची रोपं मागणाऱ्यांना वाटा. नाल्यात किंवा तापीत टाकू नका, तिथं एकदा रुजलं की काढणं अवघड.