लेकीचं मत न्यू जर्सीत, खटपट दांडिया बाजारात

प्रश्न : नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, दांडिया बाजारात राहतो. लेक-जावई न्यू जर्सीत एडिसनला असतात. लेकीला आता सिटिझनशिप मिळाली, नोव्हेंबर २०२६ ला ती पहिल्यांदाच तिकडच्या काँग्रेससाठी, म्हणजे तिकडच्या संसदेसाठी, मत देणार. म्हणते, बाबा मला ऑफिस आणि मुलांतून वेळ नाही, दोन्ही उमेदवार मिडल क्लासच्याच गोष्टी करतात, तुम्हीच बघून सांगा पैशाच्या बाबतीत कोण काय मताचं आहे. मला मुख्य बघायचंय ते हे की बाहेर पैसे पाठवण्यावर टॅक्स लावला तो कोणी लावला, कारण ती आम्हाला दर महिन्याला पाठवते. इथे बसून हे सरकारी रेकॉर्डवरून कळेल का, की आरटीआयसारखा अर्ज टाकावा लागतो?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काका, कळतं, आणि बरंचसं घरबसल्या, फुकटात कळतं. आरटीआयचं मात्र डोक्यातून काढा. तिकडचा माहितीचा कायदा १९६६ चा, पण तो सरकारी खात्यांना लागू आहे, खुद्द काँग्रेसला नाही, कायदा करताना स्वतःला बाजूला ठेवायचं कसब तिकडच्यांनाही येतं. पण अर्जाची गरजच पडत नाही कारण काँग्रेसचं बहुतेक काम आधीच नेटवर टाकलेलं असतं.

आधी लेकीचा पूर्ण पत्ता हाउसच्या (तिकडची लोकसभाच म्हणा) वेबसाइटवर टाकून डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ, पक्का करा. न्यू जर्सीत असे १२ आहेत आणि नुसत्या पिनकोडवरून कधीकधी दोन निघतात. मग "याची आर्थिक मतं काय" असला गोल प्रश्न घेऊन बसू नका, रात्र जाईल आणि हाताला काही लागणार नाही. तुम्ही विचारलाय तो रेमिटन्स टॅक्सचा प्रश्न नेमका आहे, तोच धरू.

हा टॅक्स २०२५ च्या त्या मोठ्या बिलातून आला, एच. आर. १ नंबरचं, ४ जुलै २०२५ ला सही झाली. हाउसच्या कमिटीत तो ५ टक्क्यांपासून सुरू झाला, २२ मे ला हाउसनं बिल पास केलं तेव्हा साडेतीन होता आणि फक्त सिटिझन नसलेल्यांना होता, म्हणजे ग्रीन कार्डवाले, एच-वन-बी वाले सगळे त्यात. सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, तो १ टक्क्यावर आणला, सिटिझन असो नसो सगळ्यांना लावला, पण रोख, मनीऑर्डर, कॅशियर्स चेक असं काही काउंटरवर देऊन पैसे पाठवले तरच. अमेरिकेतल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवले तर नाही. १ जानेवारी २०२६ पासून हे चालू झालं. म्हणजे लेक बँकेच्या अ‍ॅपवरून पाठवत असेल तर तिला एक सेंटही जास्त जात नाही, तेव्हा आधी ते विचारून घ्या आणि मग संतापा.

आता "कोणी लावला". हाउसमध्ये मे महिन्यात २१५ विरुद्ध २१४ आणि ३ जुलैला शेवटच्या मतदानात २१८ विरुद्ध २१४, कोणी कुठे बटण दाबलं ते हाउसच्या क्लार्कच्या वेबसाइटवर नावानिशी आहे (क्लार्क म्हणजे तिथला मोठा अधिकारी बरं का, आपल्या ब्रँचमधला नाही). पण घोटाळा असा की त्या एकाच बिलात इन्कम टॅक्स होता, मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) होतं, बॉर्डर होती, शेकडो पानं, आणि मत एकच. त्यावरून हा माणूस रेमिटन्स टॅक्सच्या बाजूचा असं ठरवणं म्हणजे महिन्याचा किराणा भरला म्हणून घरात सगळ्यांना हिंग आवडतो म्हणण्यासारखं आहे. त्याचं खरं मत शोधायचं तर मागे कमिटीत जावं लागतं. टॅक्सची बिलं वेज अँड मीन्स कमिटीतून येतात, तिथे कोणी दुरुस्ती सुचवली, कोणी पाडली याचं रेकॉर्ड असतं, त्या कमिटीत हा उमेदवार होता का ते बघा. नसला तर काँग्रेशनल रेकॉर्ड, १८७३ पासून छापतात, त्यात "रेमिटन्स" शब्द टाकून त्याचं नाव शोधा. मात्र त्यात सभागृहात न केलेली भाषणंही नंतर घालता येतात, त्यामुळे फार हरखून जाऊ नका.

मग काँग्रेस डॉट गव्ह ही साइट उघडा, लायब्ररी ऑफ काँग्रेस चालवते. त्यानं स्वतः मांडलेली बिलं एकीकडे आणि दुसऱ्याच्या बिलाला कोस्पॉन्सर म्हणून नाव लावलेली दुसरीकडे अशी वेगळी बघा, कारण दर टर्मला हजारोंनी बिलं येतात, कायदा मोजक्यांचा होतो, आणि नाव लावायला काही पडत नाही. मजा तारखेत आहे. कोण कुठल्या तारखेला कोस्पॉन्सर झालं ते तिथे लिहिलेलं असतं, पहिल्याच दिवशी सही केलेला माणूस वेगळा आणि निवडणुकीच्या तोंडावर येऊन चिकटलेला वेगळा, बँकेत मुदत संपताना धावत येणारे तुम्ही पाहिलेच असतील.

न्यू जर्सीचं खास दुखणं म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स. २०१७ च्या टॅक्स कायद्यानं राज्याच्या आणि स्थानिक टॅक्सची फेडरल टॅक्समधली वजावट १०,००० डॉलरवर अडवली. त्या वेळी १२ रिपब्लिकन स्वतःच्या पक्षाविरुद्ध गेले, त्यातले ११ न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचे, एकट्या न्यू जर्सीचे ४. पक्षापेक्षा डिस्ट्रिक्ट जड झाला की असं मत पडतं, आणि अशीच मतं शोधायची, पक्षाबरोबर सगळ्यांसारखं दिलेलं मत त्या माणसाबद्दल फार काही सांगत नाही. २०२५ च्या बिलानं ती मर्यादा काही वर्षांसाठी ४०,००० केली, फार मोठ्या पगारवाल्यांना कमी. लेकीचं स्वतःचं घर असेल तर रेमिटन्सपेक्षा तिच्या खिशाला हे जास्त लागतं हो.

"देशाचं कर्ज कमी करू" हे दोघंही म्हणणारच. त्याला सीबीओचे अंदाज लावून बघा, काँग्रेसचंच हिशेब ऑफिस, १९७४ साली केलेलं, मोठ्या बिलांचा दहा वर्षांचा खर्च काढून देतं. २०२५ च्या बिलानं तूट ३.४ लाख कोटी डॉलरनं वाढेल असं त्यांनी काढलं. मार्च २०२१ चं कोविड पॅकेज सुमारे १.९ लाख कोटींचं होतं. पहिल्याला रिपब्लिकन हो म्हणाले, दुसऱ्याला डेमोक्रॅट, आणि दोघांच्या पत्रकांवर काटकसर छापलेली असते.

उमेदवार नवा असेल, कधी मतच दिलेलं नसेल तर? मग तो आधी काय होता ते बघायचं. नगराध्यक्ष, कौन्सिल मेंबर, राज्याचा आमदार असेल तर तिथल्या मीटिंगची मिनिट्स, बजेटला दिलेली मतं. न्यू जर्सीत स्थानिक कागदांसाठी ओप्रा नावाचा कायदा आहे, साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तो अर्ज लेकीकडूनच टाकवा. ट्रस्ट-संस्था चालवत असेल तर संस्थेचा ९९० नंबरचा टॅक्स फॉर्म उघड असतो, त्यात पगार दिसतात. प्रोफेसर असेल तर तुमची चांदी. २०१४ साली व्हर्जिनियात डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्रोफेसरनं हाउसमधले बहुमताचे नेते एरिक कँटर यांना प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या निवडणुकीतच, पाडलं, कोणी नावही ऐकलं नव्हतं, मग पत्रकार धावले त्याचे जुने पेपर वाचायला. प्रायमरी झाली की वेबसाइटवरची भाषा मवाळ होते, तेव्हा वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट) आधीची पानं काढून दोन्ही शेजारी ठेवा, कुठली ओळ गुपचूप गेली ते सापडेल.

पैशाची बाजू शेवटी बघा, कारण लोक तिथेच आधी उडी मारतात आणि फसतात. एफईसी म्हणजे निवडणुकीच्या पैशावर लक्ष ठेवणारं तिकडचं सरकारी कमिशन, त्याच्या साइटवर २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, धंदा, कंपनी सगळं असतं. आता "अमक्या कंपनीनं एवढे दिले" असे तक्ते फिरतात ना, तर कंपनीला उमेदवाराला थेट पैसे देता येतच नाहीत, १९०७ पासून बंदी आहे, ते तिथल्या नोकरदारांनी खिशातून दिलेले आणि कंपनीच्या पॅकचे (उमेदवारांना देण्यासाठी पैसे गोळा करणारी समिती) धरून केलेले आकडे असतात. यातून त्याच्याभोवती कोण बसलंय एवढं कळतं, तो काय करेल ते नाही.

आणि तुमच्या आवडीचा कागद म्हणजे फायनान्शियल डिस्क्लोजर. ५,००० डॉलरच्या वर गोळा किंवा खर्च केले की उमेदवाराला हा भरावा लागतो, हाउसच्या क्लार्ककडेच मिळतो. शेअर, फंड, पगार, १०,००० डॉलरवरची कर्जं. पण नेमकी रक्कम नसते, पट्टे असतात, १,००१ ते १५,०००, मग ५०,००० पर्यंत असे वर वर, त्यामुळे बेरीज करायला जाल तर लाखोंचा फरक पडेल. राहतं घर भाड्यानं दिलेलं नसेल तर दाखवावं लागत नाही. निवडून आलेल्यांना २०१२ च्या स्टॉक कायद्यानं १,००० डॉलरवरचा प्रत्येक सौदा जास्तीत जास्त ४५ दिवसांत सांगावा लागतो, उशीर झाला की दंड २०० डॉलर, हसू येतं ऐकून. आणि हो, या कागदावरून कुणाचं क्रेडिट रेटिंग काढायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा जुन्या सवयीनं लोन मंजूर-नामंजूर करू नका.

प्रश्न : भाचा तिकडे एका उमेदवाराचा प्रचार करतो. आम्ही इथून थोडी मदत पाठवली तर चालेल का? त्याच्याच नावावर टाकू.
— एक मावशी, रावपुरा

उत्तर : नाही मावशी, अजिबात नाही. परदेशी माणसानं तिकडच्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी गावच्या कौन्सिललासुद्धा पैसे देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाला देऊ शकतो. दुसऱ्याच्या नावावर देणं हा वेगळा गुन्हा, त्यात भाचा अडकेल. त्याला लाडू पाठवा.

प्रश्न : आपल्या खासदाराचं असं बघता येतं का? मी एम. एस. युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सला आहे, प्रोजेक्ट करायचाय.
— एक विद्यार्थिनी, फतेहगंज

उत्तर : बघता येतं पण मतदानावरून नाही. लोकसभेत बहुतेक बिलं आवाजी मतदानानं होतात, कोण हो म्हणालं ते नावानं लिहिलंच जात नाही, आणि मोजणी झाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदीमुळे व्हिप मोडला की खासदारकी जाऊ शकते, म्हणजे मत त्याचं नाही, पक्षाचं. तेव्हा विचारलेले प्रश्न घे, लोकसभेच्या साइटवर विषयवार मिळतात, टॅक्स किंवा जीएसटीवर त्यानं काय विचारलं, कुठल्या उद्योगाबद्दल परत परत विचारलं. मंत्री झालेला असेल तर त्या काळातले प्रश्न मिळणार नाहीत, मंत्री उत्तरं देतात. मालमत्तेसाठी उमेदवारी अर्जाबरोबरचं फॉर्म २६ चं अ‍ॅफिडेव्हिट आहेच, आणि इथे आपण अमेरिकेच्या पुढे आहोत बघ, रुपयात नेमका आकडा, जोडीदाराचाही, शिवाय पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न. लागोपाठ दोन निवडणुकांची अ‍ॅफिडेव्हिट शेजारी ठेवलीस तर प्रोजेक्टचा एक चॅप्टर तिथेच होईल, गाईडना आधी विचारून घे मात्र, नावं टाकायची की खासदार अ, खासदार ब करायचं.