देव घासायला घेतलेस का?

प्रिय चिमणे,

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप दोनदा ऐकला. मागे नळ वाहत होता आणि आजी "चिंच कुठं ठेवलीस गं" म्हणत होती, त्यामुळे अर्धा तिथंच वाहून गेला. पण प्रश्न कळला. आजी म्हणाली, उद्या श्रावणी सोमवार, चल देव घासायला घेऊ. तुला हसू फुटलं. देव कसे घासतात? मग तू शहाणपणा केलास, "आजी, मूर्ती घासू म्हण ना," आणि आजी म्हणाली, "मूर्ती दुकानात असत्यात." शेवटी जरा हळू आवाजात तू विचारलंस की इथल्या, इंग्लंडातल्या शाळेत ती मुलगी म्हणाली होती, तुम्ही आयडॉलची पूजा करता, ते तुला लागलं होतं, पण का लागलं ते सांगता आलं नव्हतं. मग खरा शब्द कुठला?

हे फोनवर सांगितलं असतं, पण आजी मध्येच फोन ओढून घेते आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं ते सांगत बसते. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, अडलं तर तिला विचार. चुकलं असेल तिथं ती बोलल्याशिवाय राहायची नाही.

आधी ते ताम्हन बघ. त्यात एक पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे, हातात लोण्याचा गोळा. एक अन्नपूर्णा, हातात पळी. गणपती. महादेवाची पिंड. आणि चांदीचे चार चपटे पत्रे, मागून ठोकून पुढं आकार उठवलेले. ते टाक. घोड्यावर बसलेला तो खंडोबा, आठ हातांची ती भवानी. टाकांना मूर्ती कुणी म्हणत नाही, टाकच म्हणतात. आजीच्या माहेरच्या गावाबाहेर तू पाहिलेली म्हसोबासारखी शेंदूर फासलेली, नाकडोळे नसलेली देवी आठवते? तो तांदळा. नर्मदेतून आलेला गुळगुळीत लांबट दगड तो बाण, गंडकीतला काळा तो शाळिग्राम. त्यांना छिन्नी लागलेलीच नसते. भिंतीवर काचेत असतो तो फोटो, माझे आजोबा त्याला तसबीर म्हणत. आणि चौकात उभे आहेत तो महाराजांचा पुतळा. महाराजांना देव मानणारे खूप आहेत, तरी चौकातला पुतळाच. मारुतीचा पुतळा मात्र कुणाच्या तोंडून ऐकणार नाहीस.

एवढे शब्द असताना आजी सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरते: देव. देव घासायचे, देव पुसायचे, देव मांडायचे. "देवांना आंघोळ घातली का?" हे ती रोज विचारते, तू उठलीस का हे विचारण्याच्या आधी.

मूर्ती हा शब्द चूक नाही. संस्कृतातला आहे आणि सुंदर आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचा एक अर्थ घट्ट होणं, थिजणं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसं काहीतरी पातळ, हातात न येणारं, थिजून आकाराला आलं की ती मूर्ती. प्रतिमा म्हणजे मापाबरहुकूम केलेलं दुसरं. विग्रह म्हणजे शरीर. हा शब्द उत्तरेकडं आणि दक्षिणेकडं देवळात सर्रास चालतो, आपल्याकडं मात्र विग्रह म्हटलं की शाळेतला समासच आठवतो. हे सगळे शब्द पुस्तकातले, भटजींच्या तोंडचे, वर्तमानपत्रातले. मोरीशेजारी पाट टाकून बसलेल्या बाईच्या तोंडी ते येत नाहीत.

"मूर्ती दुकानात असत्यात" हे आजी सहज बोलून गेली खरी, पण पाणिनी नावाचा व्याकरणकार सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हेच सांगून गेलाय. आमच्या संस्कृतच्या बाईंनी हे सूत्र शिकवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो, पुढं इंग्लंडात आल्यावर एका हिवाळ्यात ते पुन्हा हाती लागलं. संस्कृतात एखाद्याची नक्कल दाखवायची तर नावाला 'क' लावतात. अश्व म्हणजे घोडा, अश्वक म्हणजे घोड्याची प्रतिकृती, खेळण्यातला घोडा. मग शिवाची प्रतिमा शिवक व्हायला हवी. पाणिनी म्हणतो, थांबा. जिच्या पूजेवर कुणाचं पोट चालतं, पण जी विकायला ठेवलेली नाही, तिला हा 'क' लागत नाही. ती नुसती शिव. बाजारात मांडली तर शिवक. त्या सूत्रावर लिहिताना पतंजलीनं एक टोमणाही मारून ठेवलाय, की मौर्य राजांना सोनं हवं होतं म्हणून त्यांनी देवांच्या प्रतिमा घडवल्या, त्यांना हा नियम लागू नाही. म्हणजे धंद्यासाठी केलेल्या देवाला 'क' चिकटलाच पाहिजे. आजीनं पाणिनी वाचलेला नाही. तिनं तुला तो 'क' काढून दाखवला.

आता पुढच्या महिन्यात हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडेल, फक्त कान उघडे ठेव. काकाबरोबर गणपती आणायला जाशील तेव्हा कारखान्यात काय चाललंय ते ऐक. "शाडूचे किती पीस राहिले?" "तो दीडफुटी केवढ्याला?" "ह्याची सोंड जरा आखूड वाटतीय." तिथं तो पीस असतो, किंमत असते, नाकं मुरडता येतात. मग काका पैसे देईल, पाटावर विडा-सुपारी ठेवेल, गणपतीच्या तोंडावर रुमाल टाकेल, आणि त्या क्षणापासून बोलण्याची तऱ्हा बदलेल. घरी कुणी "विकत घेतला" म्हणणार नाही, "आणला" म्हणतील. दारात आजी भाकरतुकडा ओवाळून टाकेल, काकाच्या पायांवर पाणी घालेल. दुसऱ्या दिवशी भटजी येतील. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी ते मूर्तीच्या छातीला हात लावून मंत्र म्हणतात, त्यात 'अस्यै देवत्वमर्चायै' असे शब्द आहेत, या अर्चेला देवपण येवो. अर्चा म्हणजे पूजेची प्रतिमा, हा आणखी एक जुना शब्द. लहानपणी मला वाटायचं, अस्यै म्हणजे स्त्रीलिंग, आणि समोर तर गणपतीबाप्पा; भटजी चुकले! मूर्ती काय, अर्चा काय, दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, एवढंच.

त्यानंतर गणपती 'बसले'. ते जेवतात, त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून आरतीला माणसं लागतात, घरात मोठ्यानं भांडलं तर "गणपती बसलेत घरात" म्हणून दटावलं जातं. गौरी 'येतात', 'जेवतात', 'जातात', माहेरवाशिणीच असतात त्या. मग उत्तरपूजा. अक्षता टाकून पुनरागमनाय च म्हणायचं आणि गणपती जागेवर किंचित हलवायचा. इतकंच. एक बोटभर. त्या बोटभर हलण्यानंतर तीच वस्तू पुन्हा माती होते, म्हणून तर ती कृष्णेत सोडताना हात धजतो. आवाहन करून बोलवायचं, निरोप देऊन पाठवायचं. ही ये-जा तुमच्या त्या आयडॉल शब्दात कुठंच बसत नाही.

आपल्या सांगलीत तर एक गंमतच आहे. चतुर्थीच्या आधी, प्रतिपदेलाच, गणपतीच्या देवळात गुपचूप एक गणपती येऊन बसतो. वाजतगाजत नाही, कुणाला कळवून नाही. म्हणून त्याचं नाव चोर गणपती. देवाला चोर म्हणायचं आणि तरी त्यात अपमान नाही, हे तुझ्या वर्गमैत्रिणीला समजावून सांगताना माझी तर जीभ अडखळेल. तुला जमलं तर बघ.

तिच्या शब्दाचं म्हणशील, तर आयडॉल मूळचा ग्रीक. अर्थ साधा: आकार, प्रतिबिंब, छाया, भास. पुढं बायबलाच्या भाषांतरांत तो दुसऱ्यांच्या खोट्या देवांसाठी वापरला गेला, आणि तो वास त्याला कायमचा लागला. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं गणपतीसाठी तो बिनदिक्कत छापतात, त्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्या मुलीच्याही मनात असेलच असं नाही, पुस्तकात तसं असेल. पण तुला लागलं ते बरोबर लागलं. तो शब्द पूजा करणाऱ्यानं स्वतःसाठी निवडलेला नाही, बाहेरून बघणाऱ्यानं दिलेला आहे. माझं मत विचारशील तर शाळेत सरळ मूर्ती म्हण. योगा, करी त्यांना म्हणता येतं, मूर्तीही येईल.

मीही काही फार शूर नव्हतो हं. पहिल्यांदा इकडं आलो तेव्हा आजीनं पिशवीत मूठभर गणपती दिला होता, तोच जो आपल्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत बसतो. विमानतळावर पेटी उघडायला लावली आणि विचारलं, हे काय आहे? माझ्या तोंडून पटकन निघालं, आयडॉल. त्या माणसानं मान डोलावली, प्रश्न संपला. घरी पोचेपर्यंत मला मात्र त्या गणपतीकडं बघवेना.

आपल्या लोकांना हे सगळं दगड-पितळ आहे ते माहीत नसतं असं समजू नकोस. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा आजीनं देव पाण्यात घातले होते. म्हणजे खरोखरचे, पितळी पातेल्यात, बाळकृष्णासकट बुडवून. माझा माणूस घरी येईस्तोवर तुम्हीही असेच राहा म्हणून. आजोबा आले नाहीत. त्या रात्री तिनं ते एकेक करून बाहेर काढले, पदराला पुसले, देव्हाऱ्यात ठेवले आणि म्हणाली, "धोंडे आहेत नुसते." मी दारात उभा होतो. सुतकात पूजा नव्हतीच. सुतक फिटलं त्या सकाळी मी उठलो तर मोरीत ताम्हनाचा आवाज येत होता. "किती दिवस बिनआंघोळीचे बसलेत बिचारे," म्हणाली. धोंडे हाही तिचाच शब्द, बिचारे हाही तिचाच. मी कुठला खरा धरू?

आणि २०१९ चा पूर. तू लहान होतीस. कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, गावभागात होड्या चालत होत्या. आजीला काकानं विश्रामबागला एका ओळखीच्यांकडं हलवलं. मी इथून फोन करकरून थकलो, शेवटी लागला तेव्हा तिचं पहिलं वाक्य, "देव घेतलेत मी. कागदपत्रं राहिली बघ." टाक डब्यात, बाळकृष्ण पदरात. त्या परक्या घरात तिनं देव शिलाई मशीनवर मांडले होते आणि घरच्या बाईला सांगत होती, "आमच्या देवांची अडचण नको तुम्हाला." तीच कृष्णा खाली नरसोबाच्या वाडीला देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तेव्हा लोक तिथं भिजायला धावतात. त्याला म्हणतात दक्षिणद्वार सोहळा. उत्सवमूर्ती तेवढी आधीच वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. आपल्या घरात तिनं पाय ठेवला की पाणी 'घुसलं'. वाडीत पादुकांना 'स्नान घडलं'. तिथं गाभाऱ्यात मूर्ती नाहीच, पाऊलखुणा आहेत. मनोहर पादुका म्हणतात त्यांना, आणि इकडं औदुंबरला आहेत त्या विमल पादुका. शुक्रवारी काका औदुंबरला जाणार आहे म्हणे, त्याच्याबरोबर जा.

आता उठ आणि आजीला मदत कर. पितळेला चिंच-मीठ, चांदीच्या टाकांना नुसती राख, उलटं करू नकोस. खंडोबाच्या घोड्याच्या पायांत राख राहते ती ओल्या कापसानं काढ. आणि बाळकृष्णाच्या हाताच्या नि लोण्याच्या गोळ्याच्या मधे एक हिरवट डाग आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून तो काढतोय, निघत नाही. दात घासायचा जुना ब्रश लावून बघ.

तुझा,
बाबा