कोयता पडल्यानंतरचे दोन धक्के

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार, आम्ही डिचोली तालुक्यातले. शेजारच्या काकांशी माडावरून जुनंच भांडण, माड त्यांचा पण झुकलाय आमच्या अंगणात. गेल्या महिन्यात नारळ आमच्याकडे पडले आणि काका गडगा ओलांडून थेट कोयता घेऊनच आले. भावाने कोयता अडवला, तळहात कापला, पाच टाके पडले. कोयता खाली पडल्यावर भावाने त्यांना दोनदा ढकललं, ते चिऱ्यांच्या राशीवर पडले आणि मनगट मोडलं. आमच्या तक्रारीवर नुसती एनसी (अदखलपात्र नोंद), त्यांच्या तक्रारीवर एफआयआर! भावाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस आलीय, ६८ वर्षांच्या बाबांनाही साक्षीसाठी स्टेशनवर बोलावलंय. लोक म्हणतात जाऊ नका, आत टाकतील. हा सेल्फ डिफेन्स नाही का? आणि गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो ना?

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. पोर्तुगीज कायदा उरलाय तो लग्न, वारसा, वाटणी असल्या घरच्या गोष्टींत, मारामारीला इथेही देशाचाच फौजदारी कायदा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता.

भावाला जायलाच सांगा. नोटिशीचा अर्थच असा की सध्या अटकेची गरज पोलिसांना वाटत नाही, बोलावतील तेव्हा हजर राहिला तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. दडी मारली की मात्र आपणच अटकेला निमित्त दिलं! हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण कलम ११७(२) जामीनपात्र आहे, घाबरू नका. बाबांना स्टेशनवर जायची गरजच नाही, साठीच्या वरच्या साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी घरी येऊन घ्यायचा असतो, आणि त्या जबाबावर सही करायची नसते.

एनसीचं मात्र मला पटत नाही. नुसत्या हाताने मारलं, साधी दुखापत झाली तर एनसी ठीक, पण कापायच्या हत्याराने जखम झाली की कलम ११८(१), दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो असा गुन्हा, एफआयआर व्हायलाच हवा. आरोग्य केंद्राचा केसपेपर, टाक्यांची नोंद जोडून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवा, तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

आता सेल्फ डिफेन्स. कोयता अंगावर येत होता तोवर भावाला पूर्ण हक्क होता, कोणी तोलूनमापून मारत नाही हे कोर्टालाही कळतं. पण धोका संपला की हक्कही संपतो. म्हणून सगळी केस अडणार ती कोयता पडल्यानंतरच्या दोन धक्क्यांवर. काका कोयता उचलायला परत वाकले होते का? हो, तर पहिला धक्का बहुतेक टिकेल. दुसऱ्याचं मला कठीण दिसतं, उगाच आशा लावत नाही. सेल्फ डिफेन्स होता हे दाखवायचं ओझं भावावर आहे, पण कोर्टाला तशी शक्यता जास्त वाटली तरी पुरतं, त्यामुळे अंगणात तेव्हा कोण कोण होतं ते आजच लिहून काढा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १५१०० वर फोन करा, मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करता येते.

आणि हो, तो कोयता आहे कुठे? तुमच्याच पडवीत असेल तर धुऊ-पुसू नका, पंचनामा करूनच पोलिसांच्या ताब्यात द्या.