चिमटा काढण्यापूर्वी

प्रेमावर आणि मूर्खपणावर मार्मिक वाक्ये लिहिण्याची तुमची हौस चांगली आहे. मात्र ‘प्रेम आंधळे असते’ छापाचे काही लिहिण्याआधी रविवारी सकाळी गंगेवर (गोदावरीला आपण नाशिककर गंगाच म्हणतो) फेरी मारून मिसळीच्या दुकानात निवांत बसावे. ‘मला भूक नाही’ म्हणणारी मुलगी समोरच्याचा अर्धा पाव संपवते आणि तो, तिखटाने नाक गळत असतानाही, ‘तशी बेताचीच आहे’ म्हणत आणखी रस्सा मागतो, तेव्हा दोन्ही विषय एकाच ताटलीत आलेले असतात. विशेषणे गाळावीत. विनोदाचा रोख निम्म्या वेळा तरी स्वतःकडे असावा. मी तरुणपणी एका प्रेमपत्राचे अकरा खर्डे केले आणि पाकिटावर पत्ता मात्र स्वतःचाच लिहिला.