बाहेरून विरोध आणि मंडळीत (म्हणजे आपल्याच चर्चमध्ये) ढोंगी लोक, अशात विश्वासात कसं टिकायचं? चर्च बदलावं का?

बायबलमधली वचनं बाकीच्यांनी भरपूर दिलीयत, ती परत देत नाही. आमच्या घरी काय झालं ते सांगते.

आम्ही नगर जिल्ह्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती. आठ वर्षांपूर्वी आईने घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, ठेवलेली, पंधरा-सोळा माणसं, त्यात शेजारच्या दोन बायका ज्या एरवीही रोज चहाला यायच्या. दुसरं गीत चालू असताना दहा-बारा पोरं अंगणात शिरली, मोबाईलवर शूटिंग चालू, पेटी ओढून पायरीवर आपटली आणि एकेकाला किती पैसे देता म्हणून आईला विचारायला लागली. त्यातल्या एकाला आईने चौथीत शिकवलेलं. ती त्याला म्हणाली, बाळा बस, चहा घे, मग सांगते. तो मान खाली घालून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. पेटीचे तीन सूर गेले, पण ते मला सहन झालं.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला गेलो तर आमच्या आधी तिथे एक अर्ज पोचलेला. फुलस्केपवर, की सदर कार्यक्रमाशी आमच्या मंडळीचा काहीही संबंध नाही. खाली मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या पाच सह्या. पहिली सही ज्यांची, त्यांच्याच अक्षरात माझ्या संडे स्कूलच्या बक्षिसावर माझं नाव आहे आणि खाली 'विश्वासू राहा' लिहिलंय. त्याच रविवारी प्रभुभोजनाचं (चर्चमध्ये देतात त्या भाकरीचं) ताट त्यांच्या हातात होतं. आईने घेतलं. मी नाही घेतलं.

दादा म्हणाला ही मंडळी मेलेली आहे, आणि शहरातल्या एका फेलोशिपमध्ये (प्रार्थना-गटात) गेला. तिथे दोन वर्षांत दशांशाच्या (कमाईतला देवासाठी दिलेला दहावा भाग) हिशोबावरून भांडणं होऊन तीन तुकडे झाले. तरी अजून म्हणतो आई घाबरली म्हणून राहिली. आणि उदाहरण देतो ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं, की तेही बाहेर पडलेच ना! दादा, 1917 ला टिळकांनी सोडली ती मिशनची नोकरी आणि तिचा पगार, आणि 'देवाचा दरबार' काढून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जवळ घेतलं. 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं लांब राहिल्या, त्यांनी 1900 मध्ये घेतला. ज्या माणसाने एवढं सोसलं त्याचं नाव रागाने चर्च सोडायला वापरू नये.

म्हणून मी तरी सांगेन, राहा. पण गप्प राहू नका. गव्हातलं निदण (तण) कापणीपर्यंत राहू द्या असं प्रभू म्हणाला, तिजोरीची चावी निदणाकडे द्या असं नाही म्हणाला. वार्षिक सभेत उभं राहून हिशोब मागा, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून नक्कल काढा, पंचाच्या निवडणुकीला उभे राहा. मी पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा निवडून आले.

हां, बायका-मुलांवर हात टाकणारा कोणी असेल तर मात्र थांबू नका, आधी पोलिसांत जा आणि ते चर्च सोडा. आणि कागदावर हिंदू लावणाऱ्यांना तुम्ही खोटे ख्रिस्ती म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने नाही. अनुसूचित जातींबद्दलच्या 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत जाते, शीख 1956 ला आत आले, बौद्ध 1990 ला, आपण अजून बाहेर. पोराच्या फीसाठी कागद सांभाळणारा बाप आणि तो अर्ज लिहिणारा पंच यांना मी एका रांगेत बसवणार नाही.

ते सहीवाले पुढे आजारी पडले तेव्हा आई महिनाभर त्यांना डबा पोचवत होती. त्या अर्जाचा विषय दोघांनीही काढला नाही. मागच्या वर्षी आई गेली, तेव्हा ते शवपेटीला खांदा द्यायला पुढे आले. दादाने त्यांना मागे ढकलायला हात उचलला आणि मी तो धरला. तेव्हापासून दादा माझ्याशी नीट बोलत नाही. मी आजही धरीन.