सौराष्ट्राचे किनारे : आधी बाजू ठरवा, मग बीच

(सौराष्ट्राच्या किनाऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं आणि उत्तरं. उत्तरं देणारे लेखक दीपगृहांच्या कामावरून निवृत्त झाले आहेत. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी ओखा ते भावनगर या पट्ट्यात काढली.)

प्रश्न : डिसेंबरात आठ दिवस सौराष्ट्रात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सात आणि अकरा वर्षांच्या मुली आणि सासूबाई. सासूबाईंना द्वारका-सोमनाथ करायचंय, मुलींना समुद्रात डुंबायचंय. मी केलेली यादी अशी : शिवराजपूर, पोरबंदर, माधवपूर, चोरवाड, सोमनाथ, दीव, गोपनाथ. फोटोत सगळेच सुंदर दिसतात. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे फार पळापळ नको. यातलं काय ठेवू आणि काय गाळू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पोरबंदर, चोरवाड आणि गोपनाथ ही तीन नावं आत्ताच खोडा. जागा वाईट नाहीत, पण तुमच्या मुलींच्या कामाच्या नाहीत. पोरबंदरची चौपाटी गावातली. तिथे कीर्तिमंदिर, म्हणजे गांधीजींचं जन्मस्थान, जरूर बघा आणि पुढे निघा. चोरवाडला जुनागढच्या नवाबाच्या महालाचे अवशेष आहेत आणि समोर खडक. गोपनाथ तर द्वीपकल्पाच्या भलत्याच बाजूला आहे.

ही बाजूची गोष्ट नीट सांगतो, कारण बीच निवडताना लोक फोटो बघतात, नकाशा बघत नाहीत. सौराष्ट्राला तीन बाजूंनी पाणी आहे आणि तिन्ही पाण्यांचा स्वभाव वेगळा. उत्तरेला कच्छचं आखात. तिथे चिखल, तिवरं आणि प्रवाळ. पूर्वेला खंभातचं आखात. नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्या तिथेच गाळ ओततात, त्यामुळे पाणी कायम गढूळ. मधली, नैर्ऋत्येला तोंड केलेली ओखा ते दीव ही बाजू खुल्या अरबी समुद्राची. इथे तशी मोठी नदी नाही, म्हणून पाणी निवळ आणि वाळू स्वच्छ. या किनाऱ्याचा खडक चुन्याचा. मुंबईतल्या ब्रिटिश अमदानीतल्या इमारतींना लावलेला पोरबंदरी दगड तो हाच. मुलींना डुंबायचं असेल तर याच बाजूला राहायचं, आणि इथेही जागा मोजक्याच.

पहिली शिवराजपूर. द्वारकेहून ओख्याच्या रस्त्याला, बारा-तेरा किलोमीटरवर. २०२० साली भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळाला, त्यात हा होता. जीवरक्षक, कपडे बदलायच्या खोल्या, आखून दिलेली पोहायची जागा, सगळं आहे. तिकीट काढावं लागतं, त्यावर कुरकुर करू नका. मात्र सकाळी जा. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून येतो, पाणी सपाट असतं आणि तळाची वाळू दिसते. दुपारनंतर वारा फिरतो, समुद्रात खळबळ होते, वाळू डोळ्यात जाते आणि नेमक्या त्याच वेळी दर्शन उरकलेल्या बसगाड्या येऊन थडकतात. पाण्याखाली नेऊन फोटो काढून देणारे मागे लागतील. सात वर्षांच्या मुलीला त्यांच्या हवाली करू नका.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. द्वारकाधीशाच्या देवळात गोमती घाटाकडून गेलं तर छप्पन्न पायऱ्या चढाव्या लागतात. बाजारपेठेकडच्या मोक्षद्वाराने न्या. आणि बेट द्वारकेला आता होडी नाही लागत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू झाला, गाडी थेट बेटावर जाते. पूर्वी ओख्याच्या धक्क्यावर म्हाताऱ्या माणसांना होडीत कसं चढवत ते मी बघितलंय, म्हणून या पुलाचं मला कौतुक आहे.

द्वारका ते सोमनाथ गाडीने चार-पाच तास धरा. वाटेत पोरबंदर सोडलं की माधवपूर लागतं. रस्त्याच्या एका अंगाला नारळ, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि किनारा इतका मोकळा की मुली गाडी थांबवायला लावतीलच. थांबा, शहाळं प्या, वाळूत पळू द्या, पण गुडघाभर पाण्याच्या पुढे नाही. उतार उभा आहे आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे लागलं अशी तिथली श्रद्धा, रामनवमीपासून जत्रा भरते. रुक्मिणी म्हणजे आपल्या विदर्भातल्या कौंडण्यपूरची लेक, हे सासूबाईंना सांगा. डोंबिवलीकरांचं सासर-माहेर तिथेच निघेल.

सोमनाथचा समुद्र फक्त बघायचा. देवळामागे लाट आपटते आणि ओढ जबर. लोकांची गर्दी पाण्यात उतरलेली दिसली तरी तुम्ही उतरू नका. मात्र २०२१ मध्ये तिथे समुद्रदर्शन पथ बांधलाय, दीडेक किलोमीटरची सपाट फरसबंदी वाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सूर्यास्त बघायला त्याहून सोयीची जागा या किनाऱ्यावर नाही.

मग दीव. सोमनाथहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तुमच्या आठातले निदान तीन मुक्काम इथे ठेवा. वाटल्यास द्वारकेतला एक कमी करा. नागवा बीच घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला, त्यामुळे लाट मऊ होऊन येते. मागे होकाची झाडं आहेत. ताडाला कधी फांद्या फुटतात का? याला फुटतात. मुलींना आधी विचारा आणि मग दाखवा. नागव्याची अडचण एकच : वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट. म्हणून माझा कौल घोघल्याला. खाडीवरचा पूल ओलांडला की मुख्य भूमीवर, पण हद्द दीवचीच. लांब, रुंद, सपाट किनारा. पाणी कमरेपर्यंत यायला बरंच चालावं लागतं. ब्लू फ्लॅगच्या त्या आठांत हाही होता, तरी गर्दी नागव्याला. सकाळ घोघल्यावर घालवा, नागव्याला एकदा जाऊन या. हॉटेलचं बुकिंग करताना 'घोघला' आणि 'घोघा' यांत गल्लत करू नका. घोघा भावनगरजवळ आहे, तिथे पोचलात तर चिखल बघायला मिळेल.

दीवला डिसेंबरात आणखी एक मौज. बेटाचा दक्षिण किनारा सरळ दक्षिणेला बघतो आणि सूर्य त्या दिवसांत दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे खडक आड न येणाऱ्या जागेवरून उगवतानाही समुद्रात आणि मावळतानाही समुद्रात दिसतो. संध्याकाळी चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर जा. तिथे खुखरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवसमोरच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला हे सगळं कळतं.

जाताना सौराष्ट्र मेल, बोरिवलीला चढा, दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारका. परतताना वेरावळहून गाडी पकडा, म्हणजे उलटं जावं लागणार नाही. पंचवीस डिसेंबरच्या आत घरी या. त्यानंतर दीवला पाय ठेवायला जागा नसते आणि खोलीचे भाव विचारू नयेत. दिवाळी ते लाभपंचमी हेही असंच, अख्खा गुजरात फिरतीवर असतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र, पक्के मासेखाऊ. सोमनाथ-द्वारकेला मासे मिळतात का? आणि दीवहून 'एखादी' घेऊन निघालो तर चालतं का?
— कोल्हापूर

उत्तर : देवस्थानात मासे शोधू नका, मिळणार नाहीत आणि शोधणंही बरं दिसत नाही. गंमत अशी की सोमनाथला खेटून वेरावळ, देशातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. खारव्यांच्या होड्यांनी धक्का भरलेला असतो, लाकडी जहाजं बांधताना बघायला मिळतात, पण तो माल बर्फात बसून निर्यातीला जातो. जेवायला दीवलाच या.

बाटलीचं उत्तर 'नाही'. दीव केंद्रशासित, गुजरातमध्ये दारूबंदी. हद्दीवर नाकी आहेत आणि पोलीस डिक्की उघडून बघतात. 'एखादी'सुद्धा.

प्रश्न : नाशिकहून गाडीने निघतोय, आम्ही दोघंच. सुरतजवळच्या हजिऱ्याहून रो-रोने, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या बोटीने, घोघ्याला उतरायचा विचार आहे. भावनगरच्या बाजूला चांगला बीच कुठला?
— नाशिक

उत्तर : पोहण्याजोगा कुठलाच नाही, तरी या बाजूने नक्की जा. ही रो-रो नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. साधारण चार तासांत पलीकडे, नाहीतर अख्ख्या खंभातच्या आखाताला वळसा. वेळापत्रक निघायच्या आधी तपासा.

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. रुंद तोंडातून आत शिरलेली भरती अरुंद होत जाते तशी उंच चढते. मुंबईला उधाणाची भरती पाचेक मीटरची, भावनगरला दहाच्या वर. हे पाणी चढतं-उतरतं म्हणजे काय ते घोघ्याजवळ कोळियाकला बघा. समुद्रात किलोमीटरभर आत निष्कलंक महादेव आहे. भरतीला फक्त ध्वजाची काठी वर दिसते. ओहोटीला लोक चिखलातून चालत जातात, चौथऱ्यावरच्या पाच शिवलिंगांना पाणी घालतात. पांडवांशी त्याचं नातं सांगतात. गाववाले परत फिरले की तुम्हीही फिरायचं, 'अजून एक फोटो' करायचा नाही. त्या सपाटीवर पाणी बघता बघता पाठीमागून येतं.

पुढे अलंग. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात, तीही याच भरतीच्या जिवावर. उधाणाला जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर घुसवायचं, पाणी ओसरलं की ते कोरडं उभं. यार्डात सहसा सोडत नाहीत, पण रस्त्याला दुतर्फा जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत, त्यांना खाडे म्हणतात. कपबश्या, जाडजूड लाकडी कपाटं, लाइफजॅकेट, काय वाटेल ते. काकूंना घेऊन जात असाल तर डिक्की रिकामी ठेवा.

मुक्काम गोपनाथला करा. वर डोंबिवलीच्या ताईंच्या यादीतून मी हेच नाव खोडलं, तुमच्या यादीत पहिलं घालतो. चुनखडीचा कडा, खाली तपकिरी समुद्र, दीपगृह, देऊळ आणि वारा. पूर्वेचा किनारा असल्याने सूर्य पाण्यातून उगवतो. करायला काहीही नाही. तिथून महुवा-राजुला करत दीवला उतरता येतं. वाटेत जाफराबादचा फाटा लागेल. बोंबील वाळत घातलेल्या वलांडींचा वास आधी येतो, गाव नंतर. हे जाफराबाद आपल्या मुरुडच्या जंजिरेकर सिद्दींच्या ताब्यात होतं, थेट १९४८ पर्यंत.

प्रश्न : मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मुलांना कच्छच्या आखातातलं नरारा, तिथलं ओहोटीला उघडं पडणारं प्रवाळ, दाखवायचं आहे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, तो हिशेब तिकडे चालेल का?
— रत्नागिरी

उत्तर : अर्धा चालेल, बाई. दशमीला साडेसात ही आपली मुंबई-कोकणची वेळ. भरती आखातात शिरून आत पोचायला वेळ घेते, त्यामुळे कच्छच्या आखाताचं घड्याळ निराळं. तिथली वेळ जामनगरच्या वनखात्याच्या कचेरीतूनच घ्या, परवानगीही तिथूनच घ्यायची आहे. पण उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) चंद्राचेच, ते सगळीकडे सारखे. म्हणून सहल पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ठेवा, अष्टमीला नको. उधाणाची ओहोटी सगळ्यात खोल जाते आणि प्रवाळाचा तळ उघडा पडतो. ओहोटी उजेडात येतेय ना तेवढं बघून तारीख पक्की करा.

नरारा वाडीनारजवळ, जामनगरहून साधारण साठ किलोमीटर. देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग, १९८२ पासूनचा. होडी लागत नाही, वाटाड्याबरोबर पाण्यातून चालत जायचं. खेकडे, तारामासा, समुद्रकाकडी हमखास. नशीब असेल तर डबक्यात ऑक्टोपस, आणि फुगून चेंडू होणारा मासा. मुलांना जुने, नाडीचे बूट घालायला सांगा, चपला चिखलात राहतात आणि प्रवाळाने पाय कापतो. जाताना पाणी ओसरत असलं पाहिजे, पूर्ण ओहोटी झाली की परतीला लागायचं. कुठला दगड उलटून बघितला तर पुन्हा तसाच पालथा ठेवायला लावा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.