झाडाआड स्पीडगन लावून चालान मारता येतं का?

तुमचा प्रश्न: दोन गावांमधल्या रस्त्यावर बाभळीच्या आडोशाला पोलिसांची गाडी उभी होती, कोणी हात दाखवला नाही, घरी आल्यावर मोबाईलवर चालान. हे चालतं का?

फक्त गाडी लपलेली होती म्हणून चालान आपोआप रद्द होत नाही बापा. पण २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आला. त्यानुसार यंत्राने तपासणी होत असेल तर तसा इशारा देणारा फलक ठळक दिसला पाहिजे आणि नोटीस १५ दिवसांत निघाली पाहिजे. भांडायचं तर यावर भांडा.

आधी चालानावरचा फोटो मोठा करून पाहा: नंबरप्लेट, वेग, वेळ, ठिकाण. माझ्या फोटोत कापसाने भरलेला ट्रॅक्टर अर्ध्या रस्त्यावर अन् मी त्याला ओलांडताना ८४. चूक माझीच होती, गुपचूप भरले.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारला चौपदरीवर कमाल १००, साध्या दुपदरीवर ७०, मोटारसायकलला तिथे ६०. राज्य याहून कमी ठरवू शकतं, म्हणून गावाजवळ ४० चा फलक असेल तर ४०च. आपल्याकडे लोक नेमके इथेच सापडतात: चौपदरी संपतो, पाय मात्र तसाच दाबलेला.

कायद्यात हलक्या वाहनाला दंड १००० ते २००० रुपये आहे. तक्रार महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर, फोटोसकट टाका.